मराठवाड्यातल्या घरापासून परदेशातल्या खोलीपर्यंत: पहिल्या विमानप्रवासाची क्रमवार तयारी

परदेशी शिक्षणाचा व्हिसा हातात पडला की घरात पेढे वाटले जातात आणि त्याच रात्री तिकीट काढलं जातं. बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात. मुलगा शनिवारी रात्री परक्या शहरात उतरतो आणि खोलीची चावी देणारं ऑफिस सोमवारी सकाळी उघडतं. तिकीट बदलायला गेलं की मूळ तिकिटाच्या बरोबरीनं पैसे लागतात. म्हणून सगळी आखणी उलटी करायची. आधी खोलीची चावी, मग उतरायचा दिवस, मग विमान, मग मुंबई किंवा हैदराबाद, आणि सगळ्यात शेवटी गावातून निघायची वेळ. खालचे टप्पे याच क्रमानं दिले आहेत. टप्पा सोडून पुढे जाऊ नका.

## १. चावी आधी, तिकीट नंतर

व्हिसा मिळाल्यावर पहिला मेल राहण्याच्या जागेला करा. त्यात चार प्रश्न विचारा: चावी कुठे मिळते, कोणत्या वारी, किती ते किती, आणि त्या वेळेनंतर पोहोचलो तर काय सोय आहे. उत्तर लेखी घ्या. जर्मनीत विद्यार्थी वसतिगृहाची चावी बहुतेक ठिकाणी इमारतीच्या व्यवस्थापकाकडे असते आणि तो ठरावीक वारी, ठरावीक तासच भेटतो. शिवाय तिथे रविवारी दुकानं बंद असतात, म्हणजे शनिवारी रात्री पोहोचलेल्याला रविवारभर घरचे दशम्या-धपाटेच पुरवावे लागतात. सोमवार ते गुरुवार, दुपारच्या आत विमान उतरेल असा दिवस निवडा.

त्यानंतर व्हिसावरची तारीख वाचा. संपण्याची तारीख सगळेच पाहतात, सुरू होण्याची कुणी पाहत नाही. व्हिसा २० तारखेपासून लागू असेल आणि तुम्ही १९ ला उतरणार असाल, तर एअरलाईन मुंबईतच अडवते. अमेरिकेच्या एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर, विद्यापीठानं दिलेल्या आय-२० कागदावरच्या अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर प्रवेश मिळत नाही. ब्रिटनमध्ये आता पासपोर्टवरच्या स्टिकरऐवजी ई-व्हिसा आहे. त्याच्या ऑनलाईन खात्याला तुम्ही ज्या पासपोर्टवर प्रवास करणार तोच जोडलेला आहे ना, हे निघण्याआधी लॉगिन करून पाहा. व्हिसाचा अर्ज केल्यानंतर पासपोर्ट नवीन काढला असेल तर हा मुद्दा हमखास अडतो.

सावध: जागा अजून मिळालीच नसेल तर पहिल्या ७ ते १० दिवसांचं हॉस्टेलचं बुकिंग करा आणि खोली तिथे जाऊन शोधा. "मी सध्या बाहेरगावी आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरनं येईल" असं म्हणणारा घरमालक फसवणारा असतो असंच धरून चाला. न पाहिलेल्या खोलीसाठी अनोळखी माणसाच्या खात्यावर पैसे पाठवू नका.

## २. तिकीट: नाव, तारीख, विमानतळ

नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं, आणि वडिलांचं नाव बऱ्याचदा मुलाच्या नावाला जोडून छापलेलं असतं. तिकिटावर पासपोर्टप्रमाणेच नाव हवं, स्पेलिंगसकट. खात्री करायला पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन यांत्रिक ओळी असतात त्या बघा. आडनाव आणि नाव तिथे जसं तोडलं आहे तसंच तिकिटाच्या फॉर्ममध्ये भरायचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर विद्यापीठात अर्ज करण्याआधीच तो दुरुस्त करून घ्यायला हवा होता. आता व्हिसा झाल्यावर तो बदलायच्या फंदात पडू नका. आहे तसंच नाव एअरलाईनच्या ग्राहक सेवेला कळवून तिकीट काढा.

तारीख. सगळ्यात महागडी चूक हीच. आंतरराष्ट्रीय विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१५ सप्टेंबर, ०२:२०" असं लिहिलं असेल तर ते विमान १४ तारखेच्या रात्रीनंतर येणाऱ्या पहाटेचं आहे. साधारण चार तास आधी पोहोचायचं म्हणजे १४ तारखेला रात्री साडेदहाच्या आत तुम्ही विमानतळाच्या दारात हवेत. १४ ची रात्र घरी झोपून १५ ला निघालेल्याचं विमान तोवर जाऊन वीस तास झालेले असतात, आणि त्या तिकिटाचे बहुतेक पैसे परत मिळत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर १५ ला गोल करू नका. १४ तारखेच्या चौकटीत "रात्री १०:३०, विमानतळ" असं लिहून ठेवा. घरातल्या मोठ्यांना हे समोर बसून समजवा, कारण गाडी त्यांनीच ठरवलेली असते.

विमानतळ. मुंबईची आंतरराष्ट्रीय विमानं सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतात. टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला आहे, रस्ता वेगळा आहे आणि दोन्हींमध्ये चालत जाता येत नाही. संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून मुंबईला विमानानं जाणार असाल तर ते कोणत्या टर्मिनलला उतरतं ते बघा. नवी मुंबईचं विमानतळही आता सुरू झालं आहे, त्यामुळे तिकिटावर नुसतं "मुंबई" न वाचता विमानतळाचं पूर्ण नाव वाचा.

एकच बुकिंग. मुंबई ते दुबई एक तिकीट आणि दुबई ते पुढे दुसरं, असं वेगवेगळं काढलं की चार-पाच हजार वाचतात. पण मग बॅगा मध्येच उतरवून पुन्हा चेक-इन कराव्या लागतात, त्यासाठी त्या देशात प्रवेशाचा व्हिसा लागू शकतो, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नसते. पहिल्या प्रवासाला सगळे टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. मधला थांबा अडीच ते चार तासांचा असावा. तासाभराचा थांबा पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी नाही.

तपासा: नाव पासपोर्टप्रमाणे, निघायची रात्र कॅलेंडरवर, टर्मिनल, एकच पीएनआर, उतरायचा वार चावीच्या वेळेत. हे पाच जुळल्याशिवाय पैसे भरू नका.

## ३. कागदांची फाईल

एकच फाईल, आणि ती खांद्यावरच्या सॅकमध्ये. चेक-इनच्या मोठ्या बॅगेत एकही मूळ कागद जाता कामा नये. पासपोर्ट तपासणारा अधिकारी आधी येतो, बॅगेचा पट्टा नंतर. कागद बॅगेत असले तर दाखवणार काय?

फाईलमध्ये वरून खाली असा क्रम ठेवा:

१. पासपोर्ट, व्हिसा, तिकिटाची प्रिंट.
२. प्रवेशपत्र, अमेरिकेसाठी स्वतःची सही केलेलं आय-२०, कॅनडासाठी स्टडी परमिट मंजूर झाल्याचं पत्र.
३. राहण्याच्या जागेचा करार किंवा बुकिंग, पत्ता आणि फोन नंबर ठळक अक्षरात.
४. फी भरल्याची पावती, कर्ज मंजुरीचं पत्र किंवा बँकेतल्या रकमेचा पुरावा.
५. आरोग्य विमा.
६. मूळ गुणपत्रिका, पदवी, ट्रान्सक्रिप्ट, जन्मदाखला. जन्मदाखला मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतरही.
७. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पासपोर्ट आकाराचे ८-१० फोटो.

झेरॉक्सचा एक संच मोठ्या बॅगेत, एक घरी, आणि स्कॅन केलेल्या प्रती मेलवर व फोनमध्ये, इंटरनेट नसताना उघडतील अशा. पत्ता आणि फोन नंबर एका कागदावर लिहून खिशात ठेवा. फोनची बॅटरी संपली की हाच कागद कामाला येतो.

## ४. पैसे

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० अमेरिकन डॉलरपर्यंतचंच परकीय चलन रोख नेता येतं. बाकीचं फॉरेक्स कार्डवर (परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) किंवा बँकेमार्फत. इतकी रोख नेण्याची गरजही नसते. जर्मनीसाठी ३०० ते ५०० युरो, त्यातल्या बऱ्याचशा ५, १०, २० च्या नोटा, एवढं पुरतं. तिकिटाच्या मशीनला आणि छोट्या दुकानाला मोठी नोट चालत नाही. भारतीय रुपये २५,००० पर्यंत जवळ ठेवता येतात, पण पुढे त्यांचा उपयोग नाही. हजार-दोन हजार परतीसाठी ठेवा.

तालुक्याच्या बँक शाखेत परकीय चलन त्याच दिवशी हातात पडत नाही. मागणी जिल्ह्याच्या किंवा संभाजीनगरच्या मोठ्या शाखेकडे जाते. निघण्याआधी १५ दिवस अर्ज द्या. ओळखीच्या माणसाकडून बिनपावतीचं चलन घेऊ नका. फॉरेक्स कार्ड मिळालं की त्याच आठवड्यात सुरू करा, पिन ठरवा, ॲपमध्ये शिल्लक दिसते का ते पाहा. कार्डं दोन असावीत आणि दोन वेगळ्या जागी.

जर्मनीला जाणाऱ्यांच्या एका गैरसमजाबद्दल इथे सांगायलाच हवं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या आणि महिन्याला ठरावीक हप्ताच देणाऱ्या खात्यात, भरलेले पैसे (सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२) उतरल्या दिवशी हातात येत नाहीत. तिथे पत्त्याची नोंदणी, मग बँक खातं, मग पहिला हप्ता, यात दोन ते चार आठवडे सहज जातात. त्या काळातलं भाडं, डिपॉझिट आणि जेवण यांचे पैसे वेगळे लागतात. जर्मन कायद्यानुसार डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकतं. कर्ज काढून, शेत गहाण ठेवून ब्लॉक्ड अकाउंट भरलेल्या घरात पहिल्या महिन्याचा हा खर्च धरलेलाच नसतो, आणि मग मुलगा घरी सांगत नाही, उपाशी राहतो. हा खर्च आधीच हिशेबात धरा.

सावध: फोनच्या भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी सुरू करा आणि तो नंबर पुढेही रिचार्ज करत राहा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. परदेशात गेल्यावर रोमिंग सुरू करायला बसलात तर त्यासाठीच ओटीपी लागतो.

## ५. सामान

किती किलो नेता येतं ते तिकिटावर लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी २३ किलोची एक किंवा दोन बॅगा आणि केबिनमध्ये ७ किंवा ८ किलो. ३२ किलोच्या वरची एक बॅग पैसे भरूनही घेत नाहीत. वजन घरी करा. साधा वजनकाटा असेल तर आधी स्वतः उभे राहा, मग बॅग उचलून उभे राहा, आणि फरक काढा. तोही नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात किंवा आडतीवर बॅग काट्यावर ठेवा. २३ ची मर्यादा असेल तर २२ वर थांबा, काट्याकाट्यात फरक पडतो. काउंटरवर बॅग उघडून आईनं दिलेला डबा बाहेर काढून ठेवायची वेळ कुणावर येऊ नये.

खरी गडबड खाण्याच्या वस्तूंमध्ये होते. एकेक बघू.

सुकं खोबरं. तेलकटपणामुळे आपोआप तापून पेट घेण्याचा धोका असलेला माल म्हणून विमान वाहतुकीत त्याची गणना होते. खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत असल्या की एक्स-रेमध्ये दिसतात आणि बॅग उघडायला लावतात. निघताना मामी-मावशी ओटीत किंवा बॅगेत शकुनाचा नारळ घालतात. तो देवापुढे ठेवून निघा, बॅगेत नको.

कापूर आणि काडेपेटी. देवघराच्या पुडीत हमखास असतात. दोन्ही ज्वलनशील, दोन्ही बंद. हळद-कुंकू, अंगारा छोट्या डबीत चालतो.

खसखस. दुबई, अबुधाबी, सिंगापूर इथे खसखस हा अमली पदार्थांच्या कायद्यात येतो. आपल्याकडच्या काळ्या मसाल्यात बऱ्याच घरी ती भाजून घालतात. आखाती देशातून विमान बदलणार असाल तर मसाला खसखशीशिवाय कुटा. नुसती खसखस तर कुठल्याच बॅगेत नको.

तूप, पेढे, खवा, मांस. युरोपीय संघ आणि ब्रिटन, दोन्हीकडे भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. घरचं तूप कितीही चांगलं असलं तरी जर्मनीच्या सीमाशुल्क टेबलावर ते कचऱ्यात जातं. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू प्रवेशपत्रकावर जाहीर करावी लागते. न सांगता सापडली तर मोठा दंड होतो.

ताजं काही नको. कढीपत्ता, लिंबं, आंबे, कैऱ्या घरीच ठेवा.

काय न्यावं. येसर, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तिखट, हळद, भाजलेलं पीठ. प्रत्येकी पाव ते अर्धा किलो, दोन पिशव्यांत घट्ट बंद करून, वर इंग्रजीत नाव लिहून. येसराची पूड बिननावाच्या पिशवीत असली तर तपासणाऱ्याला ती काय आहे हे कळत नाही आणि समजावताना आपली त्रेधा उडते. लोणचं न्यायचंच तर बाजारातलं सीलबंद, तेही चेक-इन बॅगेत. तांदूळ-डाळ नेऊ नका, ती जगभर मिळते आणि वजन खाते.

कुकर आणि उपकरणं. युरोपातल्या बऱ्याच खोल्यांत शेगडी इंडक्शनची असते, तर कुकर इंडक्शन तळाचाच घ्या. ३ लिटर पुरतो. अमेरिका-कॅनडात वीज १२० व्होल्टची, त्यामुळे आपल्याकडचा मिक्सर आणि किटली तिथे चालत नाही. प्लगची पिनही बदलते. ब्रिटनची जाड तीन पिनांची, जर्मनीची दोन गोल पिनांची, अमेरिकेची चपटी. त्या देशाचे दोन ॲडॉप्टर इथूनच घ्या.

पॉवर बँक फक्त केबिन बॅगेत, चेक-इन बॅगेत कधीच नाही. १०० वॉट-तासांपर्यंत चालते, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. क्षमता तिच्या अंगावर स्पष्ट छापलेली हवी. पुसलेल्या अक्षरांची असली तर काढून घेतात.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या लेटरहेडवरच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीत कंपनीचं नाव नव्हे, औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं आखाती देशांत मोठी अडचण करतात. गुटखा, तंबाखूची पुडी, सुपारी खिशातूनही काढा.

केबिन बॅगेत कागद, पैसे, लॅपटॉप, चार्जर, औषधं, चष्मा, एक पूर्ण कपडे जोड, जाकीट आणि एक वेळचं कोरडं खाणं. चेक-इन बॅग दोन दिवस उशिरा आली तरी निभेल, असं त्यात हवं. द्रव वस्तू प्रत्येकी १०० मिलीपर्यंत, एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत.

तपासा: बॅग बंद करण्याआधी आईला, काकूला, आजीला समोर बसवून विचारा: "मला न सांगता काही ठेवलंय का?" विमानतळावर "ही बॅग तुम्हीच भरली का?" असं विचारतात, आणि त्याचं उत्तर खरं "हो" असायला हवं.

## ६. गाव ते विमानतळ

नियम एकच: विमानाच्या आदल्या दिवशी त्या शहरात असायचं. बऱ्याच ठिकाणी सेमिस्टर ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात, म्हणजे ऐन पावसाळा आणि गणपती. घाटात गाडी अडकते, मुंबईत पाणी साचतं, खासगी ट्रॅव्हल्स चार-चार तास उशिरा पोहोचतात.

वरच्या उदाहरणातलं ०२:२० चं विमान घेऊ. लातूरचा विद्यार्थी १२ तारखेच्या रात्रीच्या रेल्वेनं निघाला तर १३ ला सकाळी मुंबईत. एक दिवस आराम, १४ ला दुपारी बॅगा पुन्हा आवरायच्या, संध्याकाळी नातेवाइकांकडून निघायचं. ठाणे किंवा नवी मुंबईहून सहारला संध्याकाळच्या गर्दीत दोन तास धरा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. त्याच दिवशी काढा, वेटिंगवर भरवसा नको. जालना-संभाजीनगरकडून समृद्धी महामार्गानं मोटारीनं जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की रस्ता भिवंडीजवळ आमण्याला संपतो. वाचलेला वेळ तिथून पुढच्या गर्दीत जातो.

नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर या पट्ट्यातल्यांनी हैदराबादचा विचार जरूर करावा. अंतर मुंबईपेक्षा बरंच कमी आहे. विमानतळ शहराच्या दक्षिणेला शमशाबादला आहे आणि रेल्वे सिकंदराबाद किंवा काचिगुड्याला येते, मधलं अंतर गर्दीचं आहे. त्यासाठी दोन तास ठेवा.

सोबत किती माणसं? दोन-तीन. विमानतळाच्या इमारतीत तिकीट नसलेल्याला सोडत नाहीत, निरोप दाराबाहेरच होतो. अख्खी क्रूझर भरून आलेली मंडळी, हार-तुरे, फोटो यात अर्धा तास कधी जातो कळत नाही. ते सगळं गावात, आदल्या संध्याकाळी करा. दारात फक्त पाया पडून आत जा.

## ७. विमानतळाच्या आत

क्रम असा असतो, आणि एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही:

१. दार. जवानाला पासपोर्ट आणि तिकीट दाखवा. डिजियात्रा ॲप देशांतर्गत प्रवासासाठी आहे, इथे कागदच लागतात.

२. चेक-इन काउंटर. हे विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतं. इथले कर्मचारी व्हिसा आणि प्रवेशपत्र बघतात. दोन टप्प्यांचा प्रवास असेल तर दोन्ही बोर्डिंग पास मागून घ्या. बॅगेला चिकटवलेल्या पट्टीवर शेवटच्या शहराचा संकेत आहे का ते स्वतः वाचा आणि विचारा: "बॅग थेट शेवटपर्यंत जाणार ना?" बॅगेची छोटी पावती पासपोर्टच्या मागे चिकटवतात किंवा हातात देतात. ती जपा.

३. इमिग्रेशन. कुठे, कोणत्या विद्यापीठात, काय शिकायला, खर्च कोण करणार, एवढंच विचारतात. एका वाक्यात उत्तर द्या. घोकलेलं भाषण नको. शिक्का बसला का ते काउंटर सोडण्याआधी बघा.

४. सुरक्षा तपासणी. लॅपटॉप, फोन, पॉवर बँक, बेल्ट, नाणी ट्रेमध्ये. ट्रे किती ठेवले ते मोजा आणि तितकेच उचला. फोन आणि पासपोर्ट सगळ्यात जास्त इथेच विसरतात.

५. गेट. मुंबई विमानतळावर रेल्वे स्टेशनसारख्या घोषणा होत नाहीत. नाव पुकारतील म्हणून बसून राहू नका. फलकावर गेट क्रमांक पाहा, आधी गेटपर्यंत चालत जा, मग पाणी-चहा. विमान सुटण्याच्या २० ते २५ मिनिटं आधी गेट बंद होतं आणि क्रमांक शेवटच्या क्षणी बदलू शकतो.

## ८. विमानात आणि मधल्या थांब्यावर

विमानात विशेष काही चुकत नाही. उतरताना कान दुखले तर आवंढा गिळा, पाणी भरपूर प्या, फॉर्म दिला तर तिथेच भरा. त्यासाठी पेन खिशात हवं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दहा-बारा तास फोन बंद लागेल आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उतरण्याची वेळ त्यांना भारतीय घड्याळानं लिहून द्या. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार.

मधल्या थांब्यावर "ट्रान्सफर" किंवा "कनेक्शन" च्या पाट्यांमागे चला, "एक्झिट" च्या मागे नाही. पुन्हा सुरक्षा तपासणी होते. ड्यूटी-फ्रीची सीलबंद पिशवी फोडलेली असली तर त्यातली बाटली जाते. अमेरिकेला जाताना ज्या पहिल्या अमेरिकन विमानतळावर उतरता तिथे सहसा बॅगा स्वतः घेऊन, कस्टम्स पार करून पुन्हा द्याव्या लागतात, पुढचं तिकीट त्याच पीएनआरवर असलं तरी.

## ९. उतरल्यावर

पासपोर्ट तपासणी, मग बॅगा, मग कस्टम्स, मग बाहेर. फाईल विमानातून उतरतानाच हातात घ्या.

अधिकाऱ्याला राहण्याचा पत्ता तोंडपाठ सांगता यावा. प्रश्न कळला नाही तर "कृपया पुन्हा सांगा" म्हणा. अंदाजानं "येस" म्हणू नका. कॅनडात स्टडी परमिट याच ठिकाणी छापून हातात मिळतो. नाव, जन्मतारीख, मुदत, कामाबद्दलची अट तिथेच वाचा आणि चूक असेल तर त्याच टेबलावर दुरुस्त करून घ्या. बाहेर पडल्यावर हेच काम महिनोन्महिने रेंगाळतं. अमेरिकेत पोहोचल्यावर आय-९४ ची (देशात प्रवेश केल्याची सरकारी) नोंद संकेतस्थळावरून काढा आणि विद्यार्थी व्हिसाचा वर्ग बरोबर लागला आहे का ते बघा.

बॅग आली नाही तर हॉल सोडू नका. एअरलाईनच्या सामान काउंटरवर तक्रार नोंदवा, तक्रारीचा (पीआयआर) क्रमांक घ्या, खोलीचा पत्ता द्या. बॅग फुटलेली असेल तर लेखी दावा ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत करावा लागतो. बाहेर गेल्यावर "माझी बॅग फुटली" असं सांगितलं की सिद्ध करणं अवघड होतं.

कस्टम्सला खाण्याचं आहे का असं विचारलं तर हो म्हणा आणि काय आहे ते सांगा. युरोपीय संघात १०,००० युरो किंवा जास्त, अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख जवळ असेल तर ती जाहीर करायचीच.

सावध: विमानतळाच्या दारात "टॅक्सी?" म्हणत जवळ येणाऱ्यासोबत जाऊ नका. अधिकृत रांगेतली टॅक्सी किंवा रेल्वे घ्या, तीही निघण्याआधी घरी बसून ठरवलेली. जर्मनीत काढलेल्या तिकिटावर काही ठिकाणी मशीनमध्ये शिक्काही मारून घ्यावा लागतो. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीट.

## १०. पहिले तीन दिवस

खोलीत शिरल्या शिरल्या, बॅग उघडण्याआधी, भिंती, खिडक्या, शेगडी, नळ, गादी यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला मेल करा. दोन वर्षांनी डिपॉझिट परत मागताना हेच फोटो उपयोगी पडतात. मग घरी फोन. विमानतळाचं वायफाय बऱ्याचदा ओटीपी मागतं, म्हणून पहिल्या फोनसाठी रोमिंगचा पॅक कामाला येतो.

दुसऱ्या दिवशी स्थानिक सिम, आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात हजेरी. अमेरिकेत विद्यापीठाला तुमची नोंद सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंद प्रणालीत करावी लागते. तुम्ही कॅम्पसवर पोहोचला हे कार्यालयाला कळलं नाही तर व्हिसा असूनही स्टेटस धोक्यात येतं.

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो चावी घेतानाच मागा. नगर कार्यालयाची वेळ ऑनलाईन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरात ती आठवडे मिळत नाही, म्हणून पत्ता नक्की झाला की भारतातूनच ती वेळ घेऊन ठेवा. नोंदणीचा कागद मिळाला की बँक खातं उघडा आणि त्याचा क्रमांक ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना कळवा. आरोग्य विमा विद्यापीठाच्या नोंदणीआधी लागतो. प्रवासाचा विमा ज्या दिवशी संपतो त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत तो सुरू झालेला हवा. आणि विद्यार्थी निवास परवान्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाला मेल पहिल्याच आठवड्यात पाठवा. प्रवेशाच्या व्हिसाची मुदत काही महिन्यांचीच असते आणि त्या कार्यालयाची रांग त्याहून लांब असू शकते.